तिचा हात, तिचा घास

गुरुवार, रात्री

आज लेकीच्या चिमटीत वाटाणा आला! मऊ शिजवून चेपलेला होता, तरी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तिनं तो नेमका धरला आणि तोंडापर्यंत नेला. आतापर्यंत सगळा कारभार पंजाचा होता. हात पसरून ओढायचं, मुठीत आवळायचं आणि मुठीबाहेर जेवढं डोकावेल तेवढं चोखायचं. म्हणून सातव्या महिन्यात तिला माझ्या बोटाएवढ्या लांब फोडी देत होते, वाफवलेल्या गाजराच्या, भोपळ्याच्या, दोन बोटांत सहज चिरडतील इतक्या मऊ. लहान बाळाला लहान तुकडा द्यावा असं आपल्याला वाटतं, पण त्या वयात लहान तुकडा मुठीत गडप होतो आणि मूठ उघडून तो काढणं त्यांना जमत नाही. चिमूट साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात येते. म्हणजे आता फोडी लहान करायच्या.

मुलांनी स्वतः खावं असं मला इतकं मनापासून का वाटतं, ते आज लिहून ठेवते. बोटांची तयारी, डोळे आणि हात यांचा मेळ, चावायची सवय, हे सगळं त्यात आहेच. पण माझ्या लेखी खरी गोष्ट पोट भरल्याची जाणीव ही आहे. ती जाणीव बाळ जन्माला येतानाच घेऊन येतं. भूक भागली की ते तोंड फिरवतं, ओठ मिटतं, हातातलं खाली टाकतं. घास तिच्या हातात असला की थांबायचा निर्णयही तिचाच राहतो. माझ्या हातात चमचा असला की मात्र ‘एवढा एकच’ म्हणायचा मोह होतो, आणि त्या एकाचे चार कधी होतात ते कळत नाही.

क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंचा अमेरिकेतला जुना प्रयोग मला फार आवडतो. 1928 मध्ये त्यांनी त्याचे पहिले निष्कर्ष छापले. पुढे एकूण 15 मुलांची नोंद झाली. नुकतंच दुधाबरोबर अन्न सुरू होण्याच्या वयाची बाळं, समोर साधे, साखर नसलेले पदार्थ, आणि परिचारिकांना सक्त ताकीद: चमचा घेऊन शांत बसायचं, बाळानं एखाद्या पदार्थाकडे हात केला तरच तो उचलायचा, शाबासकी नाही की रागावणं नाही. मुलांनी चित्रविचित्र जोड्या जमवल्या, कधी एकाच पदार्थावर ताव मारला, पण एकंदरीत ती छान वाढली. मुलांना महिनोन्‌महिने संस्थेत ठेवून केलेला असा प्रयोग आज कुणी करणार नाही, करूही नये. शिवाय डेव्हिसबाईंनीच स्पष्ट म्हटलं होतं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. निवड मुलांची, पण समोर काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलेलं. पुढे एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी हीच वाटणी नीट मांडली: काय, कधी आणि कुठे हे आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं.

ही वाटणी सांभाळणं माझ्यासाठी सर्वात कठीण झालं ते भीतीमुळे. सुरुवातीला खाताना तिला ओकारीची उबळ आली की माझा जीव गोळा व्हायचा. मग कळलं की उबळ येणं आणि श्वास अडकणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाळांमध्ये उबळ आणणारी जागा जिभेवर मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते. त्यामुळे घास घशाशी जायच्या आधीच बाहेर ढकलला जातो. तेव्हा आवाज होतो, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि क्षणभरात ती पुढच्या फोडीकडे वळते. तिथे आपण बोट घालायचं नाही, घास उलट आत सरकतो. श्वास अडकला तर मात्र आवाज जातो. रडू फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. तेव्हा लगेच मदतीला हाक मारायची आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं 5 थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. आणि हेच आलटूनपालटून. इतक्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही. हे वाचून हातात बसत नाही, प्रशिक्षणात बाहुलीवर करून पाहावं लागतं. मी ते शिकले आणि तिच्यासमोर शांत बसायला लागले.

शांत बसणं म्हणजे उठून जाणं नव्हे. खाताना ती एक क्षणही एकटी नसते. पाठ ताठ, पाय टेकलेले. पाय लोंबकळत असले की सगळं बळ तोल सांभाळण्यात जातं. द्राक्ष उभं चिरून चार भाग. अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड अजिबात नाही. अख्खे दाणे तर पाच वर्षांची होईपर्यंत नाहीत. वर्षाच्या आत मध नाही, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे. मीठ-साखरेची तिला गरज नाही.

चमचा की हात, या वादात मला रस नाही. मी दोन्ही करते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास कमी पडू लागतो, म्हणून नुसत्या फळांच्या फोडींवर भागत नाही. डाळ, अंडं, मांस यांतलं काहीतरी हवंच. घट्ट डाळ मी चमच्यात भरून चमचा तिच्यापुढे धरते आणि तोंडात न घालता तिनं तो घ्यायची वाट पाहते. दांडा मुठीत येतो, निम्मं गालाला लागतं. चमचा नीट वळवायला दीड वर्ष उजाडेल, कदाचित जास्तही. सांडणं हा त्या शिकण्याचाच भाग आहे, म्हणून तोंड पुसायचं ते जेवण संपल्यावर, मध्ये मध्ये नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. भाचा दोन वर्षांचा होत आलाय. ‘काही म्हणजे काही खात नाही गं हा,’ म्हणाली. तिचा आवाज ऐकून पोटात तुटलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेगच मंदावतो, मग भूक कशी तेवढीच राहील? मी म्हटलं, ‘ताई, थोडंच वाढ. मागितलं तर आणखी दे. नवा पदार्थ ताटात ठेव आणि काही बोलू नकोस. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरच मुलं कधीकधी चव घेतात.’

‘आणि नाहीच मागितलं तर?’

‘तर उचल. दोन-तीन तासांनी पुढचं खाणं आहेच. मधल्या वेळात बिस्किटं आणि दुधाची बाटली मात्र नको.’

वजन मोजलंय का तेही विचारलं. वाढीच्या आलेखावर तो त्याच्या रेषेवर चालला असेल तर धीर धरायचा. रेष खाली घसरत असेल किंवा गिळताना दर वेळी त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं, आणि तेव्हा उशीर करायचा नाही. ती शनिवारी वजन करून कळवणार आहे.