सायकलचा स्टँड चुकला

मागच्या रविवारी दुपारी चारला स्केचबुक घेऊन सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन बसले (आमच्या घरी अजून व्हीटीच म्हणतात). ठरवलंच होतं की आज अख्खी बिल्डिंग काढायची, घुमट, घड्याळ, कमानी, काही सोडायचं नाही. तासाभरात कळलं की हे बांधायला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं का लागली, कारण एक कमान जमेपर्यंत ऊन सरकतं आणि पुढची कमान भलत्याच उजेडात येते. शेवटी वैतागून तीन खिडक्या सरळ गाळल्या, कोण मोजायला बसलंय!

मग खाली जे दिसेल ते काढत सुटले. गेटच्या खांबावर एकीकडे सिंह म्हणजे इंग्लंड, दुसरीकडे वाघ म्हणजे हिंदुस्थान, आणि त्याच्याच समोर एक बाई फोटोआधी पोराचं नाक पदराने पुसत होती आणि ते पोरगं मान अशी काही मागे टाकत होतं की मी वाघ अर्धाच सोडला. पिशवी उशाला घेऊन झोपलेला एक माणूस. आणि चहावाल्याची सायकल, मागे कॅरिअरला टाकी, हँडलला कपांची पिशवी.

तोच चहावाला कटिंग द्यायला आला आणि वाकून बघायला लागला. म्हणाला, "ताई, बिल्डिंग एक नंबर. पण सायकल पडेल की! टाकी भरलेली असताना साइड स्टँडवर कोण लावतं? माझा डबल स्टँड आहे."

बघितलं तर खरंच. आणि गाळलेल्या तीन खिडक्यांबद्दल चकार शब्द नाही, ना त्याचा, ना मागे उभं राहून बघणाऱ्या इतर चार जणांचा.

वर दगडात माकडं, मोर, पानंफुलं कोरलीत ना, त्यातलं बरंचसं काम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी केलंय, शाळा तिथून चालत पाच मिनिटांवर. त्यांनाही कोणीतरी येऊन सांगितलं असेल का, की बाबा माकड शेपूट अशी धरत नाही?

मी शाईनेच काढते, त्यामुळे खोडायची सोय नाही. मग सायकल धरायला एक पोरगा उभा केला.

चहावाला रिकामा ग्लास न्यायला परत आला, पुन्हा वाकला.

"हा कोण?"