एनआयसीयूमधले माझे सुरुवातीचे महिने

मोठ्यांच्या मेडिसिन वॉर्डात दोन वर्षं काढल्यावर माझी एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, नर्स म्हणून बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं की काम तेच असणार, पेशंट फक्त लहान असेल. पहिल्या दिवशी हँडओव्हरला उभी राहिले, इन्क्युबेटरमध्ये गर्भाच्या २७ व्या आठवड्यातच जन्मलेलं ९०० ग्रॅमचं बाळ बघितलं आणि पोटात गोळाच आला. त्याचा अख्खा तळपाय माझ्या अंगठ्यापेक्षा लहान होता, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या, आणि त्या पायाला गुंडाळलेल्या सॅच्युरेशन प्रोबचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) लाल उजेड पायातून आरपार दिसत होता. ह्याला हात कसा लावायचा हेच कळेना.

पहिले काही आठवडे मला एकटीला बाळ दिलंच नाही, सिनियर सिस्टरच्या मागे मागे फिरायचं आणि बघायचं. कोपरापर्यंत हात धुणं, अंगठी-घड्याळ काढणं हे तर होतंच, पण खरं शिकणं होतं ते हात न लावण्याचं. मोठ्यांच्या वॉर्डात सारखं पेशंटकडे जाणं म्हणजे चांगली काळजी असं डोक्यात बसलेलं, आणि इथे सिस्टर सांगायच्या की टेम्परेचर, डायपर, कूस बदलणं, ट्यूबमधून फीड हे सगळं एकदाच काय ते करून घे, इन्क्युबेटरची खिडकी बंद कर आणि झोपू दे त्याला. सारखं हलवलं की सॅच्युरेशन पडतं, बाळ दमतं, आणि जी ताकद वाढीला लागायला हवी ती त्यातच जाते. डायपरसुद्धा फेकण्याआधी वजन करायचं, कोरड्या डायपरचं वजन वजा केलं की उरलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली लघवी.

रक्ताचं कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण ८० ते १०० मिली रक्त असतं. आधीच्या वॉर्डात रक्ताचं सॅम्पल क्लॉट झालं, म्हणजे गोठलं, की आम्ही सरळ परत काढायचो, त्यात काही वाटायचं नाही, आणि इथे अर्धा मिली काढलं तरी चार्टवर लिहायचं कारण त्या अर्ध्या अर्ध्या मिलीची बेरीज होत होत शेवटी रक्त चढवायची वेळ येते.

मग डोसची गोष्ट, ही सांगायलाच हवी. कमी दिवसांच्या बाळांचा मेंदू मधेच श्वास घ्यायला विसरतो म्हणून त्यांना कॅफिन देतात, कॉफीत असतं तेच. बाळ ९०० ग्रॅम, डोस किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे ४.५ मिलिग्रॅम, आणि औषध होतं एका मिलीत २० मिलिग्रॅम. म्हणजे ०.२२५ मिली. मी कागदावर लिहिलं २.२५. मोठ्यांच्या औषधात दोन-अडीच मिली म्हणजे अगदी नेहमीचा आकडा, त्यामुळे मला खटकलंच नाही. आमच्याकडे दोघींनी वेगवेगळं गणित करून मगच औषध भरायचं असा नियम होता म्हणून सिनियर सिस्टरच्या कागदावरचा आकडा वेगळा आला आणि चूक तिथेच अडकली, बाळापर्यंत गेली नाही. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, परत कर, सावकाश. माझे हातपाय गळाले होते. तेव्हापासून मी दुसरीचा कागद न बघता माझं गणित पूर्ण करते, आणि शून्य आधी लिहिते मग पॉइंट. नवीन कोणी हे वाचत असेल तर तिला हात जोडून सांगते, घाई कितीही असो, दुसरीने नुसतं "हो हो बरोबर आहे" म्हटलेलं चालवून घेऊ नका.

अलार्मची सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. घरी झोपेतसुद्धा तो आवाज कानात असायचा. सुरुवातीला वाजला की मी मॉनिटरकडेच धावायची, आकडा बघत उभी राहायची. एका रात्री तीनच्या सुमारास सॅच्युरेशन ८५, ७८, ७० असं उतरायला लागलं, हार्ट रेटपण खाली, आणि मी स्क्रीनकडे बघतेय तेवढ्यात मागून आवाज आला, "बाळाकडे बघ आधी." बघितलं तर छाती हलतच नव्हती, ओठांभोवती निळसर झालेलं. खिडकी उघडून तळपाय हळूच चोळला. काही नाही. सिस्टरनी तोवर मास्क हातात घेतला होता. मग पाठीवरून बोट फिरवलं आणि बाळाने एकदम आत ओढल्यासारखा श्वास घेतला, मग दुसरा घेतला. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. आता अलार्म वाजला की माझी नजर आधी छातीवर जाते, मग रंगावर, मग आकड्यावर, कारण कित्येकदा नुसतं प्रोब सरकलेलं असतं आणि बाळ मस्त झोपलेलं असतं.

सगळीच बाळं घरी जात नाहीत. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

आई-वडिलांशी बोलणं हे कोणत्याच ट्रेनिंगमध्ये पुरेसं शिकवलेलं नव्हतं. त्या ९०० ग्रॅमच्या बाळाची आई रोज यायची आणि काचेबाहेरच उभी राहायची, म्हणायची सिस्टर मी हात लावला आणि त्याला काही झालं तर. मी तिला दाखवलं की गोंजारायचं नाही, थोपटायचं नाही, एक हात डोक्याभोवती आणि एक दुमडलेल्या पायांवर, नुसता ठेवायचा. ठेवला तिने. बाळाची चुळबुळ थांबली. मग दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी कांगारू केअरला हो म्हटलं तेव्हा सीपॅपची (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची) नळी सांभाळत आम्ही दोघींनी मिळून बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वरून कापड, टोपी, सगळं नीट. ती तासभर तशीच बसून होती. मी काहीच केलं नाही, फक्त थोड्या थोड्या वेळाने जाऊन मान वाकली नाही ना आणि सीपॅपच्या छोट्या नळ्या, प्रॉन्ग्स, नाकात नीट आहेत ना एवढं बघत राहिले.