लाकडं आणायला

सकाळी फाइल उघडली तर ४१२ नंबरच्या ओळीवर लाल खूण. तपासणाऱ्या मुलानं लिहिलं होतं, 'ताई, इथे काहीतरी चुकलंय. रात्री दोन वाजता लाकडं आणायला?'

मी फ्रेंच सिनेमांची मराठी सबटायटल्स करते. हा होता खुनाच्या तपासाचा. एका गावात म्हाताऱ्या निवृत्त सैनिकाचा खून होतो आणि तपास करणारी बाई माग काढत १९५७ च्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जेरियापर्यंत पोचते. ती मृताच्या जुन्या सोबत्याला विचारते, 'त्या तिघांचं काय झालं?' तो म्हणतो, 'कोर्वे द ब्वा,' आणि पत्ते पिसत राहतो.

कोर्वे म्हणजे मुळात वेठ. सैन्यात, आपले जवान जिला फटीग म्हणतात ती. शब्दशः लाकडांची फटीग. अल्जेरियात मात्र कैद्याला त्या निमित्तानं बाहेर न्यायचं, गोळी घालायची आणि कागदावर लिहायचं, पळताना मारला गेला.

मी फोन करून हे सांगितलं.

"मग सरळ 'एन्काउंटर' टाका ना ताई. लगेच कळेल."

माझाही हात आधी तिकडेच गेला होता. पण एन्काउंटर म्हटलं की गोळी ऐकू येते, आणि म्हाताऱ्यानं तर ती ऐकू येऊ नये म्हणूनच हा शब्द धरून ठेवलाय. अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी १९५४ ते १९६२ चाललेल्या त्या लढाईला फ्रान्सच्या कायद्यानं 'युद्ध' म्हटलं तेच मुळी १९९९ मध्ये. तोवर सरकारी भाषेत 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई'!

शेवटी आणखी एक पेच. त्या तिघांना मारणारा सापडतो, पण त्याला हात लावता येत नाही. मार्च १९६२ मध्ये ही लढाई थांबवणाऱ्या एव्हियाँ करारापाठोपाठ निघालेल्या हुकुमांनी सगळं माफ झालेलं. अल्जेरियात लढलेल्या फ्रेंच जनरल ओसारेसनं २००१ मध्ये पुस्तकात छळाची, हत्यांची कबुली दिली, तरी खटला चालला तो त्या कृत्यांचं समर्थन केल्याचा, शिक्षा दंडाची. सिनेमातला म्हातारा म्हणतो, 'आम्हाला माफी आहे.' मराठीत नुसतं 'माफी' लिहिलं तर वाटतं, कुणीतरी ती मागितली असेल. मी 'सरकारनं गुन्हे माफ केलेत' केलं. एका ओळीत ४२ अक्षरं चालतात, बसलं.

४१२ वर मी लिहिलं होतं, 'लाकडं आणायला पाठवलं.' संध्याकाळी त्या मुलाचा मेसेज आला.

'ताई, "पाठवलं" नको. "नेलं" करा.'

केलं.