पाम बीचची पुळण

मे महिन्यातल्या एका दुपारी साताऱ्याहून आलेली माझी सात वर्षांची भाची प्लास्टिकची बादली आणि फावडे घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आपण पाम बीचला जाऊया ना!" फलकावर वाचलेल्या नावावर तिने सरळ विश्वास ठेवला होता. नवी मुंबईत वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणारा हा जेमतेम दहा किलोमीटरचा सहा पदरी रस्ता आहे आणि त्याच्या कडेला पुळण नाही, कांदळवन आणि चिखल आहे, हे तिला कसे सांगावे ते मला सुचेना.

या नावाशी माझे जुने भांडण आहे. रिक्षात बसल्यावर मी हट्टाने "खाडीच्या रस्त्याने चला" असे सांगते, चालक आरशातून माझ्याकडे पाहतो, मग "पाम बीचने ना?" असे विचारतो आणि मी हरते.

ऐंशीच्या दशकात बाबांनी वाशीला सिडको या सरकारी महामंडळाचे घर घेतले तेव्हा हा रस्ता नव्हता. नातेवाईक आमच्या घराला "पुलापलीकडे" म्हणत आणि आम्ही परदेशी गेल्यासारखे आईला निरोप देत. रेल्वे वाशीला पोहोचली ती १९९२ मध्ये. तोवर आमची सारी भिस्त बसवर. बस पुलावर चढली की खिडकीतून खाडीचा खारट, किंचित कुजका वास आत येई. आई नाकाला पदर लावी आणि बाबा समाधानाने म्हणत, "आलं घर." त्या वासाला घर म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बाबांना नव्या शहराचा अभिमान होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये मुंबईची दाटी खाडीपलीकडे वळवण्याची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये तिच्यासाठी सिडको स्थापन झाली, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवीत. शहर आधी कागदावर आखले गेले आणि माणसे मागाहून आली, म्हणून आमचे पत्ते सेक्टरांच्या आकड्यांत. पुढे शहराच्या अंगावर तीन समांतर रेघा उमटल्या: आत सायन-पनवेल महामार्ग, मध्ये रेल्वे आणि पाण्याच्या बाजूला हा रस्ता. महामार्गावर ट्रक, रेल्वेत नोकरदार आणि इथे रात्री उगाच वेगाने गाडी हाकणारे, अशी वाटणीही आपोआप झाली. दिवाळीनंतर नेरूळच्या पाणथळीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, तेव्हा मात्र हेच वेगवान लोक गाड्या कडेला लावून गुलाबी ठिपके मोजत बसतात.

शेवटी भाचीला घेऊन मी निघालेच. बेलापूरहून वाशीकडे येताना खाडी डाव्या हाताला राहते, म्हणून आधी रेल्वेने बेलापूर गाठले आणि तिथून रिक्षा केली. बादली मांडीवर घेऊन ती एकटक बाहेर पाहत होती. सारसोळ्यापाशी एक म्हातारा कोळी खांद्यावर जाळे टाकून दुभाजकावर उभा होता. त्याचे गाव एका बाजूला, जेट्टी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आम्ही, न थांबणारे.

बाबा नकाशावर ही जागा दाखवत तेव्हा तिथे पांढरा कागद होता, असेच मला कालपर्यंत आठवत होते. पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले आणि योग्य मोबदल्यासाठी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, हे चहाबरोबर कधीच निघाले नाही.

"मावशी, तो काका कुठे चाललाय?" भाचीने विचारले.

"बीचवर," मी म्हणाले. तिने मान वळवून मागे पाहिले. तो अजून दुभाजकावरच होता.