देशप्रेमाची हजेरी

१० मे २०२५ च्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी भारत-पाकिस्तान यांच्यातील लष्करी कारवाई थांबवल्याचे जाहीर केले आणि काही तासांतच एक्सवर त्यांना गद्दार ठरवणाऱ्या मजकुराचा भडिमार सुरू झाला. निर्णय सरकारचा होता, मिस्री यांनी तो केवळ वाचून दाखवला होता. तरीही त्यांच्या मुलीलाही सोडण्यात आले नाही आणि शेवटी त्यांनी आपल्या खात्याला कुलूप लावले. आदल्या दिवसापर्यंत याच माध्यमावर त्यांच्या संयत पत्रकार परिषदांची वाहवा चालली होती.

त्याच्या काही दिवस आधी एका तरुण विधवेची अशीच विटंबना झाली होती. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी २६ जणांचे बळी घेतले, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. लग्नाला आठवडाही न झालेल्या, नौदलातील पतीच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या तिचे छायाचित्र तेव्हा घरोघरी पोहोचले आणि लाखो लोकांनी ते आपल्या दुःखाचे प्रतीक मानले. मात्र मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा आहे, असे ती बोलली त्या दिवसापासून तिच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली. छायाचित्रातली मूक स्त्री सगळ्यांची होती, बोलणारी स्त्री कोणाचीच उरली नाही.

समाजमाध्यमांवरच्या राष्ट्रवादाची चर्चा बहुधा खोट्या बातम्यांपाशी येऊन थांबते. मला मात्र या दोन घटनांमध्ये त्याहून खोल काहीतरी दिसते. या माध्यमांनी देशप्रेमाला हजेरीपटाचे रूप दिले आहे: रोज नाव पुकारले जाते, रोज ओरडून उत्तर द्यावे लागते आणि ज्याचा आवाज ऐकू आला नाही, किंवा वेगळा ऐकू आला, तो गैरहजर ठरतो. देशासाठी कोणी काय केले, काय गमावले, याला त्या हजेरीत किंमत नसते.

८ मेची रात्र अनेकांना आठवत असेल. कराची बंदर भारतीय नौदलाने उद्ध्वस्त केले, असे काही वृत्तवाहिन्यांनीही सांगून टाकले होते आणि त्याचा पुरावा म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विमान अपघाताची निघाली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री हीच बातमी निरनिराळ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा आली आणि प्रत्येक वेळी तिच्याखाली तिरंग्यांची रांग लागली. नौदलातून निवृत्त झालेल्या एका काकांनी एवढेच लिहिले, की सकाळच्या अधिकृत निवेदनापर्यंत थांबावे, जहाजांच्या हालचालींबद्दल अंदाज पसरवणे आपल्याच लोकांना धोक्याचे ठरू शकते. त्यावर पहिले उत्तर आले, ‘काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?’ विचारणारा मुलगा त्यांच्याच जिन्यातला होता. पुढे तिघाचौघांनी त्याची री ओढली. काकांनी उत्तर दिले नाही, ते ग्रुपमधून बाहेर पडले. उरलेले आम्ही सगळे वाचत होतो, कोणी एक ओळही लिहिली नाही.

हा मुलगा वाईट नाही. सोसायटीत कोणाला रात्री रक्त लागले तर धावत जाणाऱ्यांपैकी आहे. त्या रात्री त्याच्यासमोर शत्रू नव्हता, सीमा नव्हती, करण्यासारखे काही काम नव्हते. फक्त एक पडदा होता आणि आपणही या लढ्यात आहोत, असे वाटण्याची तीव्र गरज होती. ती भागवण्यासाठी हाताशी असलेला माणूस सापडला, तो शेजारी निघाला. सीमेपलीकडचा माणूस आपल्या ग्रुपमध्ये नसतो, त्यामुळे निष्ठेची परीक्षा नेहमी आपल्यातल्याच कोणाची तरी घेतली जाते.

एक्ससारख्या उघड्या माध्यमावर या गरजेला पैशाचीही जोड मिळते. २०२३ पासून तेथे पैसे भरून निळी खूण घेतलेल्या खात्यांना त्यांच्या मजकुराला मिळणाऱ्या प्रतिसादातून कमाई करता येते आणि संतापाला प्रतिसाद लवकर मिळतो. ‘अजून निश्चित कळलेले नाही’ हे वाक्य खरे असले तरी ते कोणी पुढे पाठवत नाही. सीमेपलीकडेही हाच प्रकार चालला होता. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्ये तिकडे भारतीय विमान पाडल्याचा पुरावा म्हणून फिरत होती. दोन्ही देशांतले लोक एकाच वेळी संपूर्ण विजय साजरा करत होते, आणि दोन्हीकडे शंका विचारणारा आपलाच माणूस शत्रूचा हस्तक ठरत होता.

छापील शब्दाने राष्ट्रभावना घडवल्याचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’ने तेच केले, आणि त्याची भाषा काही मवाळ नव्हती. पण त्या शब्दांमागे एक माणूस उभा होता. लेखांची जबाबदारी टिळकांनी अंगावर घेतली, १८९७ मध्ये तुरुंगवास भोगला आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेला गेले. ‘आला तसा पुढे पाठवला’ असे लिहून ढकललेल्या संदेशामागे मात्र कोणीच नसते. तो लिहिणारा सापडत नाही, पाठवणारा जबाबदारी घेत नाही आणि ज्याच्यावर तो कोसळतो त्याने दाद मागायची तरी कोणाकडे?

हे केवळ शब्दांवर थांबत नाही, हेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. तेथे प्रश्न राष्ट्राचा नव्हता, परंतु ‘हे आपल्यातले नाहीत’ हा निवाडा त्याच झपाट्याने झाला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो. पण जिन्यातल्या काकांना त्यांची बाजू विचारायला एकच संदेश पुरतो, आणि त्याला आळा घालणे ग्रुपमध्ये बसलेल्या माणसांच्याच हातात असते.

म्हणून सोसायटीच्या येत्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. लष्करी हालचालींविषयीचा कोणताही मजकूर ग्रुपवर टाकू नये, आणि कोणत्याही सभासदाच्या देशनिष्ठेवर बोट ठेवणारा संदेश ॲडमिनने तत्काळ काढावा. काकांना परत बोलावण्याचा प्रस्तावही मीच ठेवणार आहे, आणि त्यावर त्या मुलाने अनुमोदक म्हणून सही करावी, यासाठी त्याच्याशी माझे बोलणे सुरू आहे.