एफएचा नकाशा बरोबर, तंतू चुकीचे: डिफ्यूजन एमआरआयचा कोड लिहितानाचा अनुभव

डिफ्यूजन एमआरआय मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा शोधतं. त्याच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त त्रास देते ती प्रोग्रॅम बंद न पाडणारी चूक. टेन्सर, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाणी कुठल्या दिशेने किती सरकतं ते सांगणारं मॅट्रिक्स, बसवणारा माझा कोड पूर्ण झाला तेव्हा एफएचा (ही हालचाल एका दिशेकडे किती झुकलेली आहे ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) नकाशा अगदी हवा तसा दिसत होता. ट्रॅक्टोग्राफीत, म्हणजे या दिशा जोडून तंतूंचे मार्ग काढताना, मात्र तंतू कॉर्पस कॅलोसममधून (मेंदूचे दोन्ही अर्धे जोडणारा पट्टा) बाहेर पडताच तुटत होते. कारण निघालं ग्रेडियंट दिशांच्या (ज्या दिशांनी स्कॅनर हालचाल मोजतो) एक्स घटकाचं उलटं चिन्ह.

एकाच अक्षाचं चिन्ह सगळ्या दिशांमध्ये उलटलं की टेन्सर आरशातल्यासारखा पालटतो, पण त्याच्या आयगेनव्हॅल्यू (तीन मुख्य दिशांतल्या हालचालीचे आकडे) तशाच राहतात. त्यामुळे एफए आणि सरासरी डिफ्युजिव्हिटी जराही बदलत नाहीत. मुख्य दिशा रंगांनी दाखवणारा नकाशाही फसवतो, कारण त्यात घटकाचं चिन्ह सोडून फक्त आकडा घेतात. खरं काय ते मुख्य दिशेच्या रेघा काढल्यावरच दिसतं. आडव्या छेदात कॉर्पस कॅलोसमचा पुढचा भाग बघायचा. तिथले तंतू दोन्हीकडे वळून कपाळाच्या दिशेने जातात. रेघा त्या वळणाबरोबर गेल्या तर ठीक, वळणाला छेदून गेल्या तर चिन्ह उलटं आहे.

एफएसएल या मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीच्या बीव्हेक फाइलमधल्या ग्रेडियंट दिशा प्रतिमेच्या अक्षांवर मोजलेल्या असतात, स्कॅनरच्या नाही. शिवाय निफ्टी या प्रतिमेच्या फाइलच्या हेडरमधल्या, अक्षांची मांडणी सांगणाऱ्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट धन असेल तर एक्स घटक उलटा धरायचा असतो. माझा कोड फाइल वाचताना प्रतिमेचे अक्ष ठरलेल्या क्रमात लावून घेत होता आणि बीव्हेक तसेच सोडत होता.

म्हणून आता खऱ्या मेंदूआधी कृत्रिम डेटा. आयगेनव्हॅल्यू ०.००१७, ०.०००२ आणि ०.०००२ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद घेतल्या की सरासरी ०.०००७ आणि एफए ०.८७ यायलाच हवा. टेन्सर मुद्दाम तिरका ठेवावा, एक्स आणि वाय यांच्या बरोबर मधे. अक्षावर सरळ ठेवलेल्या टेन्सरला चिन्हाची चूक कळतच नाही. हीच चाचणी धन आणि ऋण, दोन्ही डिटर्मिनंटवर चालवायची.

याच डेटात नॉइज मिसळला की दुसरी अडचण समोर येते. बी-व्हॅल्यू म्हणजे स्कॅन हालचालीला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा; बी शून्यला हालचालीचा परिणाम दिसत नाही. बी शून्यला सिग्नल १००० आणि नॉइजची सिग्मा २० धरा. बी ३००० ला तंतूच्या दिशेने खरा सिग्नल उरतो जेमतेम ६. पण मॅग्निट्यूड प्रतिमेत आकडा ऋण होऊ शकत नाही, तिचा नॉइज रायशियन असतो, त्यामुळे सरासरी २५ च्या खाली जातच नाही. कोड ०.००१७ ऐवजी ०.००१२ च्या आसपास सांगतो आणि एफए पडतो. साध्या टेन्सरसाठी म्हणूनच मी बी १००० च्या आसपासच राहतो.

फिटमध्ये अज्ञात ७ असतात: टेन्सरचे ६ आणि बी शून्यचा सिग्नल. सहा दिशांत गणित सुटतं, पण भरवसा ठेवायचा तर ३० तरी हव्यात. लॉग घेतल्यावर कमी सिग्नलचा नॉइज फुगतो, म्हणून प्रत्येक मापाला सिग्नलच्या वर्गाइतकं वजन द्यायचं. प्रतिमा हलवताना मधले आकडे अंदाजाने काढणाऱ्या स्प्लाइन इंटरपोलेशननंतर काही व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेचे छोटे त्रिमितीय ठोकळे) ऋण आकडे येतात. लॉगआधी त्यांना छोटी धन मर्यादा घालावी, नाहीतर एनएएन, म्हणजे 'आकडा नाही' ही खूण, पसरत जातो. बी-व्हॅल्यू कधी ५, कधी ९९५ अशी लिहिलेली असते, त्यामुळे 'बरोबर शून्य' अशी अट चालत नाही. मी ५० च्या खालचं सगळं बी शून्य धरतो.

क्रमाबद्दल तडजोड नको. आधी डीनॉइजिंग, मग गिब्ज रिंगिंग (कडांजवळ उमटणाऱ्या खोट्या रेघा) काढणं, त्यानंतर प्रतिमेची विकृती आणि डोक्याची हालचाल दुरुस्त करणारे एफएसएलचे टॉपअप आणि एडी. डीनॉइजिंग प्रत्येक व्हॉक्सेलचा नॉइज स्वतंत्र आहे असं धरून चालतं, आणि टॉपअप-एडीतलं इंटरपोलेशन नेमकं तेच मोडतं. मेमरीचा हिशेबही आधीच करून ठेवावा: १२८ × १२८ × ७० च्या ६५ व्हॉल्यूमना ३२ बिटांत सुमारे ३०० एमबी लागतात, आणि ६४ बिटांची एखादी प्रत नकळत तयार झाली की आणखी ६००.

एडीनंतर एक गोष्ट हमखास राहून जाते. डोकं हललं की प्रतिमा परत फिरवली जाते, मग दिशाही तितक्याच फिरवाव्या लागतात. एडी फिरवलेल्या बीव्हेकची वेगळी फाइल देतं, पण मूळ फाइलही शेजारीच पडलेली असते आणि ती दिली तरी फिट निमूटपणे पूर्ण होतो. माझ्या कोडमध्ये आता फिरवलेली फाइल सापडली नाही, तर काम तिथेच थांबतं आणि कुठली फाइल हवी होती तिचं नाव पडद्यावर येतं.