जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्ह: हायवेला मजा, घाटात नाही

आमच्या काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी अजून नाशिकमध्ये फिरते, स्टिअरिंगलाच गिअर, तेही चारच, आणि चौथा म्हणजे डायरेक्ट, इंजिन जेवढं फिरतं तेवढाच चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरतो. गावात काही त्रास नाही पण मुंबई हायवेला लागलं की सत्तरच्या पुढे इंजिन इतकं ओरडतं की मागे बसलेल्यांशी बोलताच येत नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फिरवणारा वरचा गिअर, इथेच कामाला येतो. रेशो, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या, ०.८ धरा, ज्या स्पीडला इंजिन ३००० आरपीएमवर असतं तिथे ते २४०० वर येतं, मग आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही वाचतं. इसुझूच्या १.८ इंजिनची अ‍ॅम्बेसेडर ५ गिअरची होती, ती चालवली की फरक लगेच कळतो.

पण यात ताकद वाढत नाही हो! उलट चाकापर्यंत टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, कमी पोचतो, आणि जुन्या इंजिनात ताकद मुळातच बेताची, त्यामुळे कसारा घाट चढताना पाचव्यावर रेस देत बसलं तर गाडी नुसती धडधडते, ओढत नाही, सरळ तिसऱ्यावर यायचं. जुन्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स बसवायचा विचार असेल तर आधी इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करून घ्या, थकलेल्या इंजिनला टॉप गिअर पेलवत नाही.